दोन दमांची बरणी

काच कारखान्यात त्याला सगळे फुग्या म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं आणि चांगलं होतं, पण ते फक्त दवाखान्यात नाहीतर पगाराच्या दिवशी उपयोगाला यायचं. फुंकणी ओठांना लावली की त्याचे गाल असे काही टम्म फुगत, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. एकदा वस्तादांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की गाल या कारखान्यात पुष्कळांना आहेत, दम मात्र फुग्याला आहे. एवढ्या शिदोरीवर माणूस सगळा जन्म काढू शकतो.

वस्ताद म्हणजे भट्टीवरचे मुख्य कारागीर. कारखान्याचं नाव होतं ते मोठ्या बरण्यांसाठी आणि त्या बरण्या वस्तादांच्या हातच्या. साधा पेला एका माणसाच्या दमात होतो. मोठ्या बरणीचं तसं नाही. लोखंडी फुंकणीच्या एका टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकत तो फुगवत न्यायचा. पण काचेला थंड व्हायची घाई असते आणि एका छातीत तेवढी हवा नसते. म्हणून तिथे जोडी लागे. पहिला दम वस्तादांचा. तो संपत आला की फुंकणी फिरवता फिरवताच ते ती डावीकडे करत, आणि डावीकडे उभा असलेला फुग्या ती तशीच ओठांत घेई. मध्ये पुसायला, बघायला, बोलायला सवडच नसे. कारखान्यात तिला दोन दमांची बरणी म्हणत. तयार बरणी उजेडात धरली तर कुणाचा दम कुठे संपला आणि कुणाचा कुठे सुरू झाला हे काही केल्या सापडत नसे. फुग्याच्या मते आयुष्यात त्याने पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच होती.

लग्न त्याने केलं नाही. त्याची थोरली बहीण, ताई, म्हणायची की याचं लग्न भट्टीशी कधीच लागलंय, आता सवत म्हणून कोण नांदायला येणार. ताईही एकटीच. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. दोघं एकाच घरात राहत आणि एकमेकांवर कुरकुर करत सुखाने जगत.

मग त्याच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग तोंडाची चव गेली, मग दोन जिने चढून घरी यायचं म्हणजे नाकीनऊ येऊ लागले. ज्या माणसाच्या दमाची गोष्ट सगळा कारखाना सांगायचा, तो पायरीवर बसून धापा टाकू लागला. ताईने कुणाला विचारलं नाही की कुणाशी चर्चा केली नाही. तपासण्या करून घेतल्या, जुळतंय असं कळलं, आणि आपली एक किडनी भावाला देऊन मोकळी झाली.

देऊन मोकळी झाली म्हणजे कसली मोकळी. "माझी लेक तुझ्या घरी दिलीय," ती त्याला सांगायची. "नीट नांदव तिला. माहेरी तक्रार आली तर गाठ माझ्याशी आहे." रोज सकाळी चहाबरोबर लेकीची चौकशी व्हायची. खूश आहे सासरी, असं तो सांगायचा, आणि मग कुठे ताईला चहा गोड लागायचा.

डॉक्टरबाईंनी घरी सोडताना दोघांना समोर बसवून समजावलं होतं. शरीर नव्या किडनीला घुसखोर समजतं. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. पण गुंगीतल्या पहारेकऱ्याला खरा चोरही दिसत नाही, हे विसरायचं नाही. गर्दीत जायचं नाही, कोंदट जागी थांबायचं नाही, दुसऱ्याची उष्टी वस्तू तोंडाला लावायची नाही, आणि ताप आला, अगदी अंग कोमट लागलं तरी, त्याच दिवशी फोन करायचा. ताईने हे सगळं त्याच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. त्याने म्हणूनही दाखवलं. त्या पाढ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत आपला अख्खा कारखाना गेला, हे त्याच्या लक्षात आलं ते घरी आल्यावर.

घरी त्याला काही कमी नव्हतं. लघवी साफ होती, भूक लागत होती, ताई होती. पण भट्टीची आठवण त्याला अशी छळायची की चहा फुंकून पिताना मध्येच थांबायचा आणि पेल्याकडे बघत राहायचा. लाल गोळा डोळ्यांसमोर यायचा. उजव्या खांद्याला वस्तादांचा खांदा लागलाय असं वाटून तो किंचित डावीकडे सरकायचाही. त्याला वस्तादांची इतकी आठवण यायची की त्याची त्यालाच लाज वाटे. एवढा घोडा झालेला माणूस, आणि आठवण काय तर एका म्हाताऱ्याच्या संपत आलेल्या श्वासाची.

वर्ष उलटून गेल्यावर मालकांनी त्याला पुढच्या खोलीत बांधणीचं काम दिलं. तयार बरण्या कागदात, मग गवतात, मग खोक्यात. खोली हवेशीर होती, भट्टीची शेड भिंतीपलीकडे, मधलं दार बंद. डॉक्टरबाईंनी तोंडाला मास्क लावायच्या अटीवर होकार दिला. फुग्या खोकी भरायचा आणि कान भिंतीला. नुसत्या आवाजावरून त्याला कळे की आत पेला चाललाय की बरणी. वस्तादांच्या डावीकडे आता मालकांचा जावई उभा राहू लागला होता. माणूस चांगला, पण फुंकायचा असा की जणू गरम दूध निववतोय. बरण्या खांद्यात बसक्या यायच्या. त्या गवतात गुंडाळताना फुग्याला जावयाचा राग येई, आणि बरण्या बिघडताहेत याचा गुपचूप आनंदही होई.

एक दिवस खोकी संपली म्हणून विचारायला त्याने मधलं दार उघडलं. नेमका तेव्हा वस्तादांचा पहिला दम चालू होता, गोळा झक्क फुगला होता, आणि जावयाला शिंक आली म्हणून तो तोंड फिरवून बाजूला झालेला. वस्तादांनी बघितलं नाही. ते कधीच बघत नसत. फुंकणी डावीकडे आली. फुग्या दोन ढांगांत तिथे पोचला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि फुंकणी ओठांत घेतली. डोक्याला काही विचारायला वेळच नव्हता. लोखंड कोमट होतं, ओलसर होतं, आणि तो फुंकत गेला. छातीच्या तळापासून निघालेला दम नळीतून जाऊन पलीकडे मोठा होतोय हे त्याला दिसत होतं. किती दिवसांनी आपण कुणाचं तरी अर्धं काम पुरं करतोय, एवढंच त्याला कळत होतं.

बरणी अशी उतरली की जावईसुद्धा बघत राहिला. वस्ताद मात्र पांढरे पडले होते. त्यांना खोकला आला, मग तो थांबेचना. भट्टीवरच्या माणसाला खोकला असायचाच, त्याकडे कुणी लक्ष देत नसे. खोकला आवरल्यावर त्यांनी आधी फुंकणीकडे आणि मग फुग्याकडे बघितलं. "आपण हे काय केलं रे?" ते म्हणाले.

"बरणी केली," फुग्या म्हणाला.

ताईला सांगायचं नाही, हे दोघांनी न बोलताच ठरवलं.

त्यानंतर काही महिने सगळं ठीक चाललं. मग संध्याकाळची ऊब सुरू झाली.

ऊब हा त्याचाच शब्द. दिवेलागणीच्या सुमाराला त्याचे गाल गरम होत, डोळ्यांत चुरचुर येई, कपाळ तापे. ताप म्हटलं की थंडी वाजावी, दात वाजावेत, पांघरूण मागावं. यातलं काही नव्हतं. भट्टीवर दिवस काढून घरी आलं की चेहरा असाच धगधगत असायचा. सगळा जन्म त्याच्या संध्याकाळी अशाच गेल्या होत्या. तो खिडकीजवळ खुर्ची ओढून बसे, डोळे मिटे आणि ती धग अंगात मुरू देई. त्याला वाटे, शरीराला आठवण आलीय. आपल्याला जायला मिळत नाही म्हणून भट्टीच आपल्याकडे येतेय. एखादं माणूस भेटायला यावं तशी तो त्या धगीची दुपारपासून वाट बघू लागला.

ताईही फसली. "आता कसं तेज आलंय चेहऱ्यावर," ती कौतुकाने म्हणाली. "अगदी भट्टीवरून आल्यासारखा दिसतोस." लेक गुणाची निघाली, असंही म्हणाली. पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ आली तेव्हा तिने नाक मुरडलं खरं, पण त्याचं खापर तिने बिनमिठाच्या जेवणावर फोडलं. अंगातली बनियन घामाने चिंब होई, ती तो स्वतःच धुऊन वाळत घालू लागला. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला शंका होतीच. तिकडे त्याने कानाडोळा केला. शंका खरी ठरली असती तर या संध्याकाळीही हातच्या गेल्या असत्या.

ठरलेल्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याच्या वजनाचा आकडा बघितला, मग त्याच्याकडे बघितलं, मग पुन्हा आकड्याकडे. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला दिली, आणखी काय काय केलं. निकाल आला तेव्हा ताई बाहेर बाकावर बसली होती. टीबी, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. ताप कधीपासून येतोय, हे विचारलं.

"मला तो ताप वाटलाच नाही," फुग्या म्हणाला. "मला भट्टीची ऊब वाटली."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी जे होतं ते नुसतं सरळ सांगितलं. औषधं आहेत, आजार बरा होतो. पण टीबीच्या गोळ्या किडनीच्या गोळ्यांचा जोर मोडतात. जोर मोडला की पहारेकरी जागे होतात आणि पहिला हल्ला ताईच्या किडनीवर करतात. दोन्हीकडचं माप जुळवत न्यावं लागेल, सारखं रक्त तपासावं लागेल, आणि तरीही किडनी टिकेलच असा शब्द त्या देऊ शकत नव्हत्या. लवकर आला असतात तर, एवढं बोलून त्या थांबल्या.

मग त्याने फुंकणीची गोष्ट सांगून टाकली. डॉक्टरबाईंनी ती शांतपणे ऐकली. हा आजार उष्ट्या नळीतून येत नाही, हवेतून येतो, असं त्या म्हणाल्या. कोंदट जागेत शेजारी कुणी खोकत असेल तर त्याच्यापासून येऊ शकतो. लहानपणी कधीतरी छातीत शिरून झोपलेला, आता या गोळ्यांमुळे जागा झालेला असाही असू शकतो. नक्की कोणतं, ते कुणालाच सांगता येणार नाही. ताईची आणि भट्टीवरच्या सगळ्यांची तपासणी मात्र झाली पाहिजे. ती झाली. ताईला काही नव्हतं. वस्तादांना टीबी निघाला, आणि तो बराच जुना होता.

ताईला सांगायचं काम त्याने स्वतःच केलं. सुरुवातीचे काही आठवडे त्याला वेगळ्या खोलीत राहायचं होतं, खिडक्या उघड्या टाकून. ताई दाराबाहेर खुर्ची घेऊन बसे. दोघांच्या तोंडाला मास्क. त्याने बरणीपासून बनियनपर्यंत सगळं सांगितलं. ताई चिडेल, शाळेत पोरांना झापायची तसं झापेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. ती रडायला लागली.

"मीच म्हणत होते ना, तेज आलंय म्हणून," ती म्हणाली. "रोज बघत होते आणि रोज खूश होत होते."

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, "त्या एका फुंकीत असं काय होतं रे?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपली किडनी कशापायी पणाला लागली हे तिला कळायला हवं होतं, आणि तो तिचा हक्कही होता.

फुग्याला बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "तिथे मी निम्माच असतो, ताई. निम्मी बरणी, निम्मं काम. आणि तरी पुरा असल्यासारखं वाटतं. घरी पुराच्या पुरा बसून असतो, पण तसं वाटत नाही." संध्याकाळी तिने नेहमीसारखी दाराबाहेरून लेकीची चौकशी केली. सांभाळतोय तिला, असं त्याने आतून सांगितलं.

पुढचे महिने सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. एकदा रक्तातला आकडा चढला आणि डॉक्टरबाईंनी त्याला तातडीने दाखल करून घेतलं. गोळ्या वाढवल्या, बदलल्या, पुन्हा तपासलं. आकडा उतरला, पण पूर्वीइतका नाही. किडनी दमलीय पण राहिलीय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा ताईचा जीव भांड्यात पडला. औषधांनी संध्याकाळची ऊब पहिल्याच महिन्यात गेली. ती गेली याचं सगळ्यांना समाधान वाटलं. फुग्यालाही वाटलं, पण दिवेलागणीला कपाळावर हात ठेवला की थंडगार कपाळ लागे आणि घरात कुणीतरी कमी झालंय असं वाटे.

वस्तादांचा या सगळ्या काळात एकही फोन आला नाही. फुग्याने केला तर त्यांची सून उचलायची आणि सांगायची की झोपलेत. दिवसातून किती वेळा माणूस झोपेल? फुग्याला कळत होतं. तेही त्याच गोळ्या खात होते, त्याच तपासण्यांना जात होते, आणि फुग्याच्या छातीत आपल्या छातीतलं काय गेलं याचा विचार करत पडून होते. ते भेटले तर सांगावं, की हा आजार तुमच्याकडूनच आला असेल असं डॉक्टरबाईसुद्धा म्हणत नाहीत. पण ते भेटत नव्हते.

टीबीच्या गोळ्या संपल्या. थुंकी साफ, छाती साफ. फुग्याने आकडे ऐकून घेतले आणि मग जे विचारायला तो इतके महिने थांबला होता ते विचारलं. डॉक्टरबाईंनी खूप विचार केला, ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "जाऊ दे त्याला. घरात बसवून ठेवायला नव्हती दिली मी लेक." मग अटी ठरल्या. भट्टीवर फक्त सकाळी थोडा वेळ, शेडचं मोठं दार सताड उघडं, फुंकणी त्याची स्वतःची, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही आणि दुसऱ्या कुणाची घ्यायची नाही.

मालकांनी त्याला दाराजवळची जागा दिली. तो पेले करू लागला, छोट्या वाट्या करू लागला. गाल पुन्हा टम्म फुगू लागले, पुन्हा थट्टा होऊ लागली, घरी येताना चेहरा खरोखरच्या धगीने लाल होऊ लागला. जे जे मागितलं होतं ते सगळं त्याला मिळालं होतं. फक्त दम संपत आला की फुंकणी आपोआप डावीकडे जायची आणि तिथे भिंत असायची. उजवीकडे मोकळी जागा होती, तिकडे तो बघत नसे. दोन दमांच्या बरण्या कारखान्याने बंद केल्या होत्या.

आणि एका सकाळी वस्ताद आले. अंगणातल्या दगडी पायरीवर येऊन बसले, आत काही आले नाहीत. अंगातला सदरा दुसऱ्याचा असावा इतका ढगळ झाला होता. एका बाजूचं फुप्फुस निकामी झालं होतं. फाटकापासून पायरीपर्यंत यायला ते दोनदा थांबले होते. फुग्या हातातला पेला पुरा करून बाहेर गेला आणि त्यांच्या शेजारी बसला. आता चार हात लांब बसायचं कारण उरलं नव्हतं, पण वस्ताद अंग चोरून, तोंड पलीकडे वळवून बसले.

तब्येतीच्या गोष्टी झाल्या. कुणाच्या गोळ्या जास्त कडू यावर थोडा वाद झाला. ताईची किडनी कशी आहे, हे वस्तादांनी फार हळू आवाजात विचारलं. राहिलीय, असं फुग्याने सांगितलं. वस्तादांनी मान हलवली. मग समोर बघतच म्हणाले, "तुला माझा राग येतो का रे?"

फुग्याने तोंड उघडलं ते नाही म्हणायला. इतके महिने त्याने हेच उत्तर तयार ठेवलं होतं, डॉक्टरबाईंचे शब्दही पाठ केले होते. पण या माणसाशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"येतो," तो म्हणाला. "रोज सकाळी येतो. भट्टीपाशी उभा राहतो आणि तुम्ही तिथे नसता, तेव्हा येतो."

वस्तादांनी श्वास घेतला, तो अर्ध्यावरच अडला, पुन्हा घेतला.

"मग राहू दे तो राग," ते म्हणाले. "तेवढा जाऊ देऊ नकोस."

आतून हाक आली, काच तयार झाली होती. फुग्या उठला, वस्तादांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि आत गेला.